नऊ जणींचा सामना: नवी मुंबईतल्या एका कॉलेज संघाच्या हंगामाचं प्रकरण

यादीत १८ नावं होती आणि सामन्याच्या सकाळी मैदानावर नऊ मुली आल्या. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला हा आमच्या मुलींचा दुसऱ्या फेरीचा फुटबॉल सामना. पहिल्या फेरीत समोरचा संघ फिरकलाच नव्हता, त्यामुळे एकही चेंडू न मारता आम्ही पुढे आलो होतो. आता वॉकओव्हर देण्याची पाळी आपल्यावर आली आहे का, हे सरांना पाऊण तासात ठरवायचं होतं.

आमचं कॉलेज ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या एका स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी तिथल्या जिमखान्यात काम करते. हंगामभर संघाची हजेरी, फॉर्म, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांचे फोन माझ्याकडे होते. खेळ शिकवणं सरांकडे. मुलींच्या कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की लोक पासिंग, फिटनेस, चांगला कोच यांवर बोलतात. मैदानावर किती जणी येणार, हा प्रश्न मात्र कुणी खेळाचा मानत नाही. तो कारकुनी समजला जातो आणि माझ्यासारखीच्या टेबलावर सरकवला जातो. एका हंगामात जे पाहिलं त्यावरून मी ठामपणे म्हणते की मुलींच्या संघात पहिला डावपेच हजेरीचा असतो. बाकीचे त्यानंतर.

नऊ जणी कमी कशा पडल्या ते आधी सांगते. एकीचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला होता. दोघी गणपतीला कोकणात गेल्या होत्या. गौरी-विसर्जन झालं तरी परतीचं तिकीट मिळालेलं नव्हतं, आणि त्या आठवड्यात कोकण रेल्वेची अवस्था काय असते हे नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. तिघी एकाच वर्गातल्या, विज्ञान शाखेच्या, त्यांचं प्रॅक्टिकल त्याच सकाळी लागलं. ग्रुपवर पहिला ‘सर, उद्या प्रॅक्टिकल आहे’ हा मेसेज आला तो रात्री दहानंतर, आणि त्यामागोमाग उरलेल्या दोघींचे. एक तापाने आडवी झालेली. राहिल्या दोघी, त्यांची नावं यादी भरण्यापुरती होती. त्या सरावाला कधीच आल्या नव्हत्या. हे प्रकार सगळ्या कॉलेजांत चालतात. फॉर्म भरायच्या दिवशी यादी भरलेली दिसली की जिमखान्यात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढे महागात पडतं.

नावापुरत्या दोघी सोडल्या तर यांत एकही कारण ‘मुलींना खेळायचं नव्हतं’ असं नाही. कोकणात गेलेल्या दोघींपैकी एक तिथून रोज ग्रुपवर विचारत होती की संघ कोणता उतरणार.

संघ तयार कसा झाला ते पाहिलं की हा आकडा जास्त कळतो. जुलैत पहिल्या दिवशी २० मुली आल्या, त्यात याआधी अकरा-अकरांचा फुटबॉल खेळलेल्या फक्त पाच होत्या. बाकीच्यांनी शाळेच्या अंगणात किंवा सोसायटीत चेंडू मारलेला. हे नेरुळच्या इतक्या जवळ घडतं याचं मला नेहमी वाईट वाटतं. नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, २०२२ च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई चषकाची अंतिम फेरी झाली, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम फेरीही तिथेच. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तोही शेवटच्या दहा मिनिटांत झालेल्या स्वयंगोलावर. आमच्या कर्णधाराने तो सामना स्टँडमध्ये बसून पाहिला होता. जगातल्या सगळ्यात चांगल्या मुली आपल्या दोन स्टेशनं पलीकडे खेळून गेल्या आणि नवी मुंबईच्या आपल्या भागात मुलींना चेंडू मारायला संध्याकाळी मोकळं मैदान मिळत नाही. टर्फ, म्हणजे भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदानं, भरपूर आहेत, पण त्यांचा तासाचा दर कॉलेजच्या मुली वर्गणी काढून एखाद्या वेळीच देऊ शकतात, आणि परवडणारे तास रात्री उशिराचे असतात. त्या तासांना मुली येणार कशा?

म्हणून सरांनी कबड्डीकडे मोर्चा वळवला. हा त्यांचा हंगामातला सगळ्यात चांगला निर्णय. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीच्या गावठाणांत मुली कबड्डी खेळतच मोठ्या होतात. घणसोलीची एक मुलगी कॉलेजच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळायची, तिला सरांनी बचावाच्या मधोमध उभं केलं. मुलींचं कबड्डीचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटरचं. फुटबॉलचं मैदान लांबीला ९० मीटरच्या खाली जात नाही. पहिले काही दिवस तिला एवढ्या मोकळ्या जागेचं करायचं काय तेच कळेना. पण एक गोष्ट तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. समोरून चेंडू घेऊन मुलगी आली की बाकीच्या जणी चेंडूकडे बघायच्या आणि फसायच्या. ही खाली वाकून, पाय थोडे फाकवून, समोरचीच्या कमरेकडे बघायची. चढाईला आलेली कुठे वळणार हे कमर आधी सांगते, पाय नंतर. सरांनी बाकीच्या बचावपटूंना तिचं बघून शिकायला लावलं. मैदानाच्या कडेला चार जणी वाकून एकमेकींच्या कमरेवर नजर ठेवत डावी-उजवीकडे सरकतायत, मधे चेंडूच नाही, असा सराव मी आधी कधी पाहिला नव्हता.

तिची अडचण हातांची होती. चढाई करणारी जवळून निसटायला लागली की तिचे हात आपोआप पुढे जायचे. कबड्डीत ती पकड, टाळ्या मिळतात. फुटबॉलमध्ये तो फाउल, आणि आपल्या गोलसमोरच्या चौकटीत झाला तर पेनल्टी. सरांनी तिला सरावात दोन्ही हातांत एकेक पाण्याची रिकामी बाटली धरून खेळायला लावलं. बाटल्या धरल्या की पकडता येत नाही. महिनाभरात तिचे हात बरेचसे शांत झाले, पण दमल्यावर सवय वर यायचीच.

तिच्या घरचा प्रश्न वेगळा होता. वडील मला फोनवर म्हणाले, “मॅडम, कबड्डीत तिचं नाव होतंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. फुटबॉलने काय मिळणार?” प्रश्न रास्त होता. ते ५ टक्के आरक्षण फुटबॉललाही लागू आहे, पण त्यासाठी राज्य किंवा त्यावरच्या पातळीवरची कामगिरी लागते, आणि आमचा संघ तिथे पोचेल असं खोटं मी त्यांना सांगितलं नाही. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे खेळाडूंना परीक्षेत दहा सवलतीचे गुण मिळू शकतात, हे सांगितलं. तारखा एकमेकांवर आल्या तर कबड्डीला पहिला मान राहील, हेही सांगितलं. यावर कबड्डीच्या मॅडमची सही घेतलेला कागद केला. वडिलांनी तो कागद मागून घेतला आणि मग होकार दिला. पालकांशी बोलताना मोघम उत्साहाने काही होत नाही. त्यांना वेळ, जागा, सोबत कोण आणि घरी किती वाजता, हे लेखी हवं असतं. ते दिलं की बहुतेक घरं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

गुडघ्याचं ऑगस्टमध्ये घडलं. टर्फवर मैत्री सामना होता. मधल्या फळीतली आमची सगळ्यात जाणकार मुलगी चेंडू घेऊन वळली, आसपास कुणी नव्हतं, बूट टर्फमध्ये रुतला आणि शरीर वळलं. ‘कट’ असा आवाज तिला स्वतःला आला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. असा आवाज आणि लगेच आलेली सूज ही गुडघ्याला स्थिर धरणारा पुढचा क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे खेळाडू ज्याला एसीएल म्हणतात तो, फाटल्याची ठळक लक्षणं. एमआरआयने तेच सांगितलं. फुटबॉल आणि बास्केटबॉलसारख्या वळणं-उड्यांच्या खेळांत ही दुखापत मुलींना मुलांच्या दोन ते तीन पट होते. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये असा सल्ला दिला जातो. तिचा हंगाम तिथेच संपला.

या एका गुडघ्याने संघाची दिशा बदलली. सरांनी दुसऱ्याच आठवड्यापासून फिफाचा ११+ हा वॉर्मअप सक्तीचा केला. यात १५ व्यायाम आहेत, २० मिनिटं लागतात: आधी हळू धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगात धावून दिशा बदलणं. चेंडूशिवाय खास साहित्य लागत नाही. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर केलेली याची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. हा वॉर्मअप नियमित करणाऱ्या संघांत एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती सुमारे निम्म्याने कमी आढळल्या. आपल्याकडे मुलांच्या संघांत तो अधूनमधून दिसतो. ज्या मुलींवर तो तपासला गेला, त्यांच्याच वयाच्या आपल्या मुलींना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून सराव सुरू करतात, हे बदलायला हवं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ गेला तो उडी मारून उतरण्यावर. जवळजवळ प्रत्येकीचे गुडघे उतरताना आत, एकमेकांकडे झुकायचे. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. जखमी मुलगी बाकावर पाय लांब करून बसायची आणि मोबाइलवर प्रत्येकीची उडी समोरून चित्रित करून लगेच तिला दाखवायची. ‘बघ, आत आला.’ सरांनी दहादा सांगून जे उतरलं नव्हतं ते या तीन शब्दांनी उतरलं, कारण सांगणारीचा स्वतःचा गुडघा पट्ट्यात होता.

आता त्या सकाळकडे.

नियम सांगतो की संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होऊ शकत नाही आणि चालूही राहू शकत नाही. नऊ म्हणजे नियमात बसत होतं. पण नियमाने परवानगी दिली म्हणून उतरायचं का? नऊ जणींना अकरा जणींविरुद्ध खेळायचं तर प्रत्येकीच्या वाट्याला जास्त धावणं येणार, आणि दमलेल्या पायांनी वळणं किती धोक्याचं हे तीन आठवड्यांपूर्वीच सगळ्यांनी पाहिलं होतं. समोरचा संघ तयारीचा. बाकावर कुणीच नाही, म्हणजे एखादीला बाहेर यावंसं वाटलं तरी तिच्या जागी जायला माणूस नाही.

दुसऱ्या बाजूला, या नऊ जणी पहाटेची गाडी पकडून आल्या होत्या. एक दिव्याहून, ठाण्याला गाडी बदलून. त्यात दोघी शेवटच्या वर्षाच्या. त्यांना विद्यापीठाचा सामना खेळायची ही शेवटची संधी, आणि पहिली फेरी तर खेळायलाच मिळाली नव्हती.

नेरुळचीच एक गोष्ट त्या दिवशी माझ्या मनात घोळत होती. २३ जानेवारी २०२२ ला डी. वाय. पाटीलवर भारताच्या महिला संघाचा आशियाई चषकात चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. संघात कोविड पसरला आणि स्पर्धेच्या नियमाला लागणाऱ्या किमान १३ खेळाडूंची यादीही देता आली नाही. सामना झाला नाही, भारताने माघार घेतली असं धरलं गेलं, आणि इराणशी बरोबरीत सोडवलेला आधीचा सामनाही रद्दबातल ठरला. यजमान देशाचा राष्ट्रीय संघ, वर्षभराची तयारी, आणि सगळं अडलं ते डोकी मोजण्यावर. राष्ट्रीय संघावर ती वेळ साथीमुळे आली. आमच्यावर प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकामुळे आली होती, आणि ते वेळापत्रक आमच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लागतं.

सरांनी मुलींना गोल बसवलं आणि विचारलं नाही की खेळायचं का. ते विचारलं असतं तर सगळ्या हो म्हणाल्या असत्या. ते म्हणाले, “नऊ आहोत तोवर खेळू. कुणीही दुखापतीने बाहेर आली आणि आठ झालो, की मी सामना थांबवणार. हे आत्ता मान्य असेल तर उतरा. नंतर वाद नको.” नियम सातचा, सरांचा आठवरच थांबण्याचा. कर्णधाराने सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते हजेरीच्या वहीत त्या तारखेखाली लिहून घेतलं.

मांडणी अशी: गोलकीपर, तिच्यापुढे चौघी, त्यांच्यापुढे तिघी, आणि पुढे एकटी. चार आणि तीनच्या दोन रांगा, मधे अंतर अगदी कमी. कडा सोडून द्यायच्या. समोरच्यांनी बाजूने कितीही पुढे यावं, आपण गोलच्या खांबांच्या रुंदीतून हलायचं नाही. बाजूने आलेला चेंडू डोक्यावरून मारावा लागतो, आणि मुलींच्या कॉलेज फुटबॉलमध्ये तो अचूक मारणाऱ्या फार थोड्या असतात, हा सरांचा हिशेब. दुसरी गोष्ट गोलकिकची, म्हणजे समोरच्यांनी चेंडू आपल्या गोलच्या रेषेबाहेर मारला की आपण खेळ पुन्हा सुरू करतो त्या किकची. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू आपल्याच खेळाडूला चौकटीच्या आत घेता येतो. आमची गोलकीपर लांब मारायची तेव्हा चेंडू थेट समोरच्यांकडे जायचा आणि आठ जणींना पुन्हा मागे पळावं लागायचं. त्या दिवशी तिने शक्य तिथे घणसोलीच्या मुलीला जवळच दिला, तिने बाजूला दिला, आणि तेवढ्यात बाकीच्यांना दोन श्वास मिळाले. नऊ जणींच्या खेळात ते दोन श्वास फार मोलाचे होते.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. समोरच्या बाकावर कुजबुज सुरू झाली होती. आमच्या पुढे खेळणाऱ्या मुलीने दोनदा चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत नेला आणि नुसता तिथे अडवून धरला. गोल मारायला सोबत कुणी नव्हतंच. मला विचाराल तर संपूर्ण हंगामातला आमचा सगळ्यात शहाणा फुटबॉल त्या पहिल्या डावात झाला.

दुसऱ्या डावात पाय जड झाले. पहिला गोल दोन रांगांमधलं अंतर वाढलं तिथून आला. दुसरा पेनल्टीवर. चौकटीत समोरची मुलगी घणसोलीच्या मुलीच्या अंगावरून निसटली आणि हिचा हात गेला. शिट्टी वाजायच्या आधीच तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिसरा गोल कॉर्नरवर. तरीही मुली खेळत होत्या, जोरात खेळत होत्या. मग शेवटची काही मिनिटं उरलेली असताना डावीकडे खेळणाऱ्या मुलीची पोटरी धरली. ती बसली, उठली, पुन्हा बसली. मी पेटी घेऊन आत गेले. ताणून पाहिलं, पाणी दिलं, ती उभी राहिली पण पाय टेकवेना. तिला बाहेर आणलं. आठ.

सर पंचांकडे गेले आणि सामना सोडत असल्याचं सांगितलं.

कर्णधार ओरडली. रडली असं लोक पुढे सांगत होते. ती रडली नाही, ती चिडली. तिचं म्हणणं होतं, गोळाच तर आलाय, हाड मोडलेलं नाही; चार मिनिटांसाठी संघाने मैदान सोडलं असं रेकॉर्डवर राहणार, शेवटच्या वर्षाच्या दोघींचा शेवटचा सामना असा संपणार. समोरच्या संघाच्या मुलीही आमच्याकडे येऊन म्हणाल्या की आम्ही चेंडू नुसता फिरवतो, पूर्ण करा. सर हलले नाहीत. परतीच्या गाडीत सर आमच्याबरोबर होते आणि त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

कॉलेजात यावर दोन तट पडले. उपप्राचार्यांना वाटलं, उतरायलाच नको होतं. नऊ जणींना उतरवून कॉलेजचं हसं झालं. काही प्राध्यापकांना वाटलं, उतरलात तर पूर्ण करायचं, अर्ध्यात सोडणं ही खिलाडूवृत्ती नव्हे. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. उतरणं बरोबर होतं आणि थांबणंही बरोबर होतं, आणि दोन्ही बरोबर ठरतात ते मर्यादा आधी ठरली म्हणून. सामना चालू असताना, ०-३ मागे असताना, अंगात जोर चढलेला असताना ‘अजून थोडं’ असंच प्रत्येकाला वाटतं. ऑगस्टमधली मुलगी वळली तेव्हाही मैत्री सामन्याची शेवटचीच मिनिटं होती. सरांनी पाऊण तासात मर्यादा सांगितली, मुलींची संमती घेतली आणि मग स्वतःची लोकप्रियता घालवून ती पाळली. एका कोचकडून याहून जास्त काय मागायचं? कर्णधाराचं दुःख खरं होतं आणि मी ते कमी लेखत नाही. पण ते दुःख पोटरीशी नव्हे, प्रॅक्टिकलच्या फळ्याशी मांडायला हवं होतं. बाकावर दोघी जरी असत्या तरी सामना पूर्ण झाला असता.

बाद पद्धतीत हरलं की विद्यापीठाचा हंगाम संपतो. सप्टेंबरातच. कित्येक कॉलेजांचे मुलींचे संघ तिथेच विरघळतात आणि पुढच्या जुलैत पुन्हा शून्यापासून सुरू होतात. आम्ही आठवडाभराने मुलींना बोलावलं. कर्णधार आली. तिने सरांना पहिलंच विचारलं, “सर, परत नऊ होऊ नयेत म्हणून काय करायचं ते सांगा.”

त्यातून उपलब्धतेचा तक्ता निघाला. दर रविवारी प्रत्येकीने पुढच्या दोन आठवड्यांचे आपले दिवस भरायचे: प्रॅक्टिकल, ट्यूशन, घरचं कार्य, नोकरीची पाळी, गावाला जाणं. पाळीच्या दुखण्याचे दिवसही ज्यांना लिहायचे त्यांनी नुसती फुली मारायची, कारण विचारायचं नाही. तक्ता सांभाळायला गुडघ्याच्या दुखापतीची मुलगी बसली. ती माझ्यापेक्षा कडक निघाली. ‘बहुतेक येईन’ असं कुणी लिहिलं की ती ते खोडून ‘नाही’ लिहायची. तीन आठवड्यांत ‘बहुतेक’ हा शब्द तक्त्यातून गेला.

सरावाची वेळ संध्याकाळवरून सकाळी साडेसहावर आणली. संध्याकाळी मैदानावर क्रिकेटवाले, आणि अंधार पडला की घरून फोन. सकाळी मैदान रिकामं आणि साडेआठच्या लेक्चरला मुली आधीच कॉलेजात, त्यामुळे ७५ टक्के हजेरीचा प्रश्नही हलका झाला. पण सकाळमुळे दुसरा प्रश्न उघडा पडला. मुली उपाशी येत होत्या. चहा-बिस्किटावर. कॉलेजातल्या आरोग्य शिबिरात संघातल्या बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं, म्हणजे ॲनिमिया. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे, त्यामुळे डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. मला मात्र त्या मुली दुसऱ्या डावात का बसतात याचं एक उत्तर मिळालं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू झाल्या, आणि सरावानंतर कँटीनमधून उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे. खाण्याबरोबर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून चहा तासाभराने. यावरून जेवढी कुरकुर झाली तेवढी कुठल्याच व्यायामावरून झाली नाही.

आणि सामने? आसपासच्या तीन कॉलेजांचे मुलींचे संघ आमच्यासारखेच अर्धेमुर्धे होते. सरांनी त्यांच्या जिमखान्यांना फोन केले आणि नोव्हेंबरच्या परीक्षा संपल्यावर जानेवारीपर्यंत सात-सातचे सामने ठरवले, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. अकराचा आग्रह धरला असता तर निम्मे सामने वॉकओव्हरने निघाले असते. सातमध्ये चेंडू प्रत्येकीच्या पायाला जास्त वेळा लागतो, लपायला जागा नसते, आणि बाकावर चौघी-पाच जणी बसतात. आम्ही त्यात काही जिंकलो, काही हरलो. घणसोलीच्या मुलीने त्या सगळ्या सामन्यांत एकही पेनल्टी दिली नाही. दोन सामने तिला कबड्डीसाठी सोडावे लागले, कागदात लिहिल्याप्रमाणे. एकाही सामन्याला आमच्या बाकावर तिघींपेक्षा कमी जणी नव्हत्या. मी ज्याला या हंगामाचा निकाल म्हणते तो हा.

काही गोष्टी तशाच आहेत. प्रॅक्टिकलच्या बॅचा लावताना खेळाडूंना सामन्याच्या दिवसाची दुसरी बॅच द्यावी, असा अर्ज तीनही विभागांना दिला. एका विभागाने मान्य केला, दोघांचं ‘बघू’ चालू आहे. यादीत नुसती नावं भरायची नाहीत, हे सरांनी ठरवलं आहे, पण मग फॉर्मवर १८ ऐवजी १४ नावं जातील आणि त्यावर वरून प्रश्न येतील, त्याचं उत्तर मला तयार ठेवायचं आहे. शेवटच्या वर्षाच्या दोघी गेल्या, त्यातली एक आमची गोलकीपर. तिच्या जागी हँडबॉलमधल्या एका मुलीला तयार करतोय. हात चांगले आहेत, गोलकिक अजून लांबच मारते.